स्विच बंद केला, तरी दिवा विझेना

शेंगाचटणी · रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. धागा जरा तांत्रिक आहे, पण या कट्ट्यावर मागवाल्यांपासून कारखान्यातल्या केमिस्टपर्यंत सगळे आहेत, म्हणून इथेच विचारते. मी सोलापुरात एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे.

प्रोजेक्ट असा. ई. कोलाय या जिवाणूत एक छोटं जनुकीय सर्किट आहे. आमच्या सरांनी पीएचडी करताना वापरलेलंच प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) आहे, मी काही नवीन बांधलेलं नाही. पेशी मुळात हिरव्या चमकतात, कारण जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचं जनुक चालू आहे. बाहेरून आयपीटीजी हे रसायन टाकलं की लॅक-आय नावाचा रिप्रेसर (जनुक बंद ठेवणारं प्रोटीन) बाजूला होतो, त्यामुळे टेट-आर हा दुसरा रिप्रेसर बनायला लागतो, आणि टेट-आर जीएफपीचं जनुक बंद करतो. म्हणजे आयपीटीजी हे बटण आणि जीएफपी हा दिवा. बटण दाबल्यावर दिवा किती वेळाने विझतो, एवढंच मोजायचंय. माझा अंदाज होता अर्धा तास.

पहिल्यांदा मे महिन्यात केलं. आमच्या शेकरला (फ्लास्क गरम ठेवून हलवणारं यंत्र) फक्त हीटर आहे, थंड करायची सोय नाही. खोलीतच पारा ४१ वर, त्यात शेकरच्या मोटारीची उष्णता. ३७ वर लावलेला आकडा आमच्याकडे बघून हसत होता. ते रीडिंग गेलं कचऱ्यात.

आता पावसाळ्यात परत केलं. दुपारी तीनला, कल्चर चांगलं गढूळ झाल्यावर, आयपीटीजी टाकला. चार वाजले, पाच वाजले, चमक तशीच. लॅब बंद करायची वेळ झाली म्हणून फ्लास्क शेकरवर ठेवून घरी आले. सकाळी निळा एलईडी लावून गणपतीच्या सजावटीतल्या केशरी जिलेटीन कागदातून बघितलं (चमक मोजणारा आमचा फ्लुओरीमीटर दुसऱ्या विभागात आहे, तिथे नंबर लावावा लागतो). हिरवंगार! सर म्हणाले, प्लाझ्मिडमध्ये म्युटेशन झालं असेल, नवीन कॉलनी घे. घेतली. तेच.

बटण खराब, वायर तुटली, की मीच वेडी?

उगाचविचारतो · रात्री १०:३१

ताई, एकही शब्द कळला नाही, पण गणपतीच्या जिलेटीनने विज्ञान चालतं हे वाचून बरं वाटलं. ते टाकून देत नका जाऊ, असं घरी सांगतो आता.

पेट्रीडिश · रात्री ११:०५

मी मूळचा सोलापूरचा, सध्या बंगळुरात याच विषयात काम करतो. शेंगाचटणी, तू वेडी नाहीस आणि वायरही तुटलेली नाही. बटण दाबल्यावर काही मिनिटांतच जीएफपीचं जनुक बंद पडलं असणार. तुला रात्रभर दिसत होती ती जुनी शिल्लक.

हिशोब मांडून बघ. जीएफपी २३८ अमिनो आम्लांचं. ई. कोलाय सेकंदाला साधारण ४०-५० अक्षरं या वेगाने जनुकाची आरएनए नक्कल काढतो, म्हणजे सव्वासातशे अक्षरांना पंधरा-अठरा सेकंद. त्यावरून प्रोटीन विणायचा वेग सेकंदाला पंधराएक अमिनो आम्लं, म्हणजे आणखी पंधरा-सोळा सेकंद. टेट-आर तर त्याहून छोटं. हुकूम पोचायला वेळ लागतच नाही. आरएनएही काही मिनिटांत तुटून जातो. पण आधी बनून बसलेलं जीएफपी? ते दगडासारखं टिकाऊ आहे. त्याला पेशीत कोणी तोडत नाही.

मग ते कमी कसं होतं? फक्त वाटणीने. एका पेशीच्या दोन झाल्या की प्रत्येकीत निम्मं. परत विभागल्या की पाव. पाच वेळा विभागल्यावर तीन टक्के उरतं. भरपूर खाऊ असलेल्या द्रवात वीस मिनिटांना दुप्पट होत असतील, तर पाच फेऱ्यांना शंभर मिनिटं. साध्या ग्लुकोजच्या द्रवात तासाला एकदा विभागत असतील, तर पाच तास.

आता सांग, दुपारी तीनला तुझं कल्चर किती गढूळ होतं?

शेंगाचटणी · रात्री ११:१४

ओडी (गढूळपणाचा आकडा) तीनच्या आसपास... अरे देवा.

पेट्रीडिश · रात्री ११:१६

हां. म्हणजे त्यांचं खाणं संपत आलं होतं, विभागणी थांबायला आली होती. वाटणी नाही तर उतार नाही. तू सहा महिने ठेवलं असतंस तरी चमकलं असतं. (सहा महिने जरा जास्त झाले, पण मुद्दा कळला असेल.)

उगाचविचारतो · रात्री ११:२०

थांबा थांबा, आत्ता कळलं. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतात, तसं का? तिखट तेवढंच, पातेली दोन.

पेट्रीडिश · रात्री ११:२८

अगदी तसंच. आणि पाहुणेच आले नाहीत, तर आमटी रात्रभर तेवढीच झणझणीत.

यातूनच एक गोष्ट निघते, जी मला एमएस्सीत कोणी सांगितली नव्हती. समज, तू उलटं केलंस, दिवा बंद आहे आणि तो चालू करायचाय. प्रोटीन ठरावीक वेगाने बनतंय आणि वाटणीने पातळ होतंय. जिथे ही दोन्ही बरोबरीला येतात तिथे पातळी स्थिरावते. त्या पातळीच्या निम्म्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? एक विभागणी. प्रमोटर (जनुक किती जोरात चालेल ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) ताकदवान असो वा मरतुकडा, वेळ तेवढाच! ताकदवान प्रमोटरने शेवटची पातळी उंच जाते, पण निम्म्यावर पोचायचा वेळ बदलत नाही. वेळ ठरतो तो प्रोटीन किती लवकर नाहीसं होतं यावर. सर्किट बांधणारे निम्मे लोक नळाकडे बघत बसतात, मोरीकडे कोणी बघत नाही.

मळीवाला · सकाळी ६:४०

शिफ्टवरून आत्ता आलो. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. पेट्रीडिश सर, एक शंका. आम्हाला निम्म्या पातळीशी काय देणंघेणं? समजा, एखादं काम सुरू व्हायला शंभर रेणू लागतात. ताकदवान प्रमोटरने हजाराची पातळी गाठायची असेल, तर शंभर लगेच होतील. मरतुकड्याने दीडशेच गाठायची असेल, तर शंभरला बराच वेळ लागेल. मग नळाने फरक पडलाच की.

पेट्रीडिश · सकाळी ९:०२

पकडलंत. बरोबर आहे तुमचं. उंबरठा ठरलेला असेल तर नळही वेळ ठरवतो, आणि उशीर हवा असेल तर उंबरठा शेवटच्या पातळीच्या जवळ ठेवायचा. पण त्यात एक गोम आहे. वक्र तिथे सपाट होत आलेला असतो. त्यामुळे पातळीत जरासा फरक पडला, तरी उंबरठा ओलांडायची वेळ खूप इकडेतिकडे होते. एक पेशी तासाने ओलांडेल, शेजारची तीन तासांनी, तिसरी कधीच नाही. उशीर मिळतो, पण बेभरवशाचा.

मागकरी · सकाळी ११:१५

आमच्याकडे तीन पिढ्या यंत्रमाग. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, पण धंदा चादरीचाच. 'जनुकीय सर्किट' वाचलं की मला आधी जॅकार्ड आठवतं. पुठ्ठ्याच्या कार्डात भोकं, भोक असेल तिथे हुक उचलतो, ताण्याचा धागा वर जातो, चादरीवर मोर उमटतो. १८०४ सालचं यंत्र, पण प्रोग्रामच की तो. डीएनए म्हणजे आमची कार्डांची माळ, असं आजपर्यंत समजत होतो.

हे सगळं वाचून रात्री मागाकडे बघत बसलो, तेव्हा चूक कळली. कार्ड फक्त सांगतं, *कोणता* धागा उचलायचा. *कधी* उचलायचा ते कार्डावर कुठेही लिहिलेलं नसतं. ते सांगतो शाफ्ट. शाफ्टचा एक फेरा, एक पिक (आडव्या धाग्याची एक फेरी), सिलिंडर एक घर पुढे, पुढचं कार्ड समोर. पट्टा निसटला की हजार कार्डं असली तरी माग मुका.

प्रश्न असा: पेशीत शाफ्ट कुठे आहे? या ताईंच्या सर्किटमध्ये तरी मला दिसला नाही.

शेंगाचटणी · सकाळी ११:४०

मागकरीदादा, हे माझ्या प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत टाकू का? तुमचं नाव देऊन.

मागकरी · सकाळी ११:४३

नाव नको. चादर घ्या एक.

पेट्रीडिश · दुपारी १:३०

मागकरी, हा प्रश्न विचारूनच हे शास्त्र जन्माला आलं म्हणायला हरकत नाही. जॅकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये दाखवलं की जनुकं दुसऱ्या जनुकांना चालू-बंद करतात. तो लॅक-आय तिथलाच. त्यांना १९६५ चं नोबेल मिळालं, ल्वॉफ यांच्यासोबत. पण स्विच कळला म्हणून शाफ्ट मिळत नाही.

जानेवारी २००० मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख आले. एकात गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांचा टॉगल स्विच: दोन रिप्रेसर एकमेकांना दाबतात, जो जिंकला तो जिंकलेला राहतो. दुसऱ्यात एलोविट्झ आणि लायब्लर यांचा रिप्रेसिलेटर: लॅक-आय टेट-आरला दाबतो, टेट-आर सी-वन या तिसऱ्या रिप्रेसरला, सी-वन परत लॅक-आयला. गोल. एक वर आला की दुसरा खाली, त्यामुळे तिसरा वर, त्यामुळे पहिला खाली. पेशी हिरवी, काळी, हिरवी, काळी. एक फेरा साधारण अडीच तासांचा, विभागणीपेक्षा लांब. आईचा ठेका अर्ध्यावर असताना लेकी जन्मतात आणि तो तिथूनच पुढे नेतात.

म्हणजे शाफ्ट घरी बनवता आला. पण ओबडधोबड. सुमारे ४० टक्के पेशीच नीट ठेका धरत होत्या, आणि बहिणी-बहिणी काही वेळाने एकमेकींपासून सुटत होत्या.

भोंगा५२ · दुपारी ४:१०

मुलांनो, मला जीवशास्त्र येत नाही. वय झालं. पण बहिणी-बहिणींची घड्याळं सुटतात म्हणता म्हणून सांगतो. आमच्या लहानपणी चाळीत घड्याळ एखाद्याकडेच, आणि दोन घरी असलं तर दोन वेळा. तरी सगळी चाळ एकाच वेळी उठायची, कारण गिरणीचा भोंगा. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला वडील डबा घेऊन बाहेर. भोंगा झाला की ज्याच्याकडे घड्याळ होतं तो काटा जुळवून घ्यायचा. तुमच्या जिवाणूंना भोंगा नाही का?

पेट्रीडिश · दुपारी ४:५५

काका, आहे. आणि तो त्यांनीच वाजवायचा असतो. काही जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडतात, नाव एएचएल. तो एका पेशीतून दुसरीत सहज शिरतो. गर्दी वाढली की रेणू साचतो, आणि साचला की सगळ्या पेशी एकदम जाग्या होतात. हेस्टी यांच्या सॅन दिएगोच्या गटाने २०१० मध्ये याचंच सर्किट केलं: एएचएल बनवणारं जनुक आणि एएचएल तोडणारं जनुक, दोन्ही एएचएलच्याच हुकमावर. भोंगा वाजला की आवाज वाढवणाराही जागा होतो आणि भोंगा बंद करणाराही. हजारो पेशी एका ठेक्यात उजळतात, विझतात. फेरा तास-दीड तासाच्या आसपास, वरून द्रव किती वेगाने वाहतो त्यावर कमी-जास्त.

याच गटाने २००८ मध्ये एकेकट्या पेशीच्या घड्याळाचा वेगही वाढवून दाखवला होता, अगदी १३ मिनिटांच्या फेऱ्यापर्यंत. तिथे गिरणी नव्हती, प्रत्येकाचं मनगटी घड्याळच होतं.

उगाचविचारतो · सायं. ५:२०

हे सगळं भारी आहे, पण करायचं काय याचं? हिरवा दिवा लागतो-विझतो ते गड्ड्याच्या यात्रेतही बघायला मिळतं.

पेट्रीडिश · सायं. ६:०५

एकच सांगतो. २०१६ मध्ये हेस्टी आणि भाटिया यांच्या गटांनी वरचा भोंगा साल्मोनेलाच्या दुबळ्या केलेल्या वाणात बसवला, आणि भोंग्याला जोडलं पेशी फोडणारं जनुक. जिवाणू गाठीत वाढतात, गर्दी झाली की बहुतेक एकदम फुटतात, पोटातलं औषध बाहेर पडतं, उरलेले मूठभर परत वाढायला लागतात. परत गर्दी, परत फुटणं. उंदरांमध्ये यकृतातल्या गाठींवर, नेहमीच्या केमोच्या औषधासोबत दिल्यावर, एकट्या कोणत्याही उपायापेक्षा फायदा जास्त दिसला. माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे, उगीच व्हॉट्सॲपवर ढकलू नका.

मळीवाला · सायं. ६:३०

मला माझ्या कामाचं हवंय. मळीच्या वॉशमध्ये (आंबवायच्या द्रवात) यीस्ट सोडलं की ते साखर संपेपर्यंत तरंगत राहायला हवं, आणि संपली की गुठळ्या होऊन तळाशी बसायला हवं, म्हणजे वरचा वॉश स्वच्छ निघतो आणि तळाचं यीस्ट परत वापरता येतं. आधीच बसलं तर साखर उरते, आमची बोलणी खायची वेळ. उशिरा बसलं तर सेपरेटर चालवत बसा. हे घड्याळ लावून करता येईल का कोणाला?

पेट्रीडिश · सायं. ७:१२

मळीवाले, नेमकं हेच केलंय! एलिस, वाँग आणि कॉलिन्स, २००९. बेकरीच्या यीस्टमध्ये. त्यांनी आधी प्रमोटरचे ढीगभर नमुने बनवले, सगळे एकाच जातीचे, फक्त ताकद कमी-जास्त. त्यातले थोडे मोजून गणिती मॉडेलमध्ये घातले. मग लॅक-आय आणि टेट-आर एकमेकांना दाबणारं सर्किट बांधलं आणि त्याच्या टोकाला यीस्टच्या गुठळ्या करणारं एफएलओ-वन हे जनुक जोडलं. कोणता प्रमोटर निवडला यावर यीस्ट कधी बसायला लागेल ते ठरत होतं, आणि मॉडेलने ते बऱ्यापैकी आधीच सांगितलं. मला हा लेख रिप्रेसिलेटरपेक्षाही जास्त आवडतो, कारण यात 'बघा, झालं!' एवढंच नाही, 'अमुक तासांनी हवं, मग हा भाग घ्या' असं आहे. अर्थात ते प्रयोगशाळेतल्या नळ्यांमध्ये. तुमच्या फर्मेंटरमधली मळी, तिच्यातली घाण आणि जंगली यीस्ट यांच्यापुढे ते सर्किट किती टिकेल, मला शंकाच आहे.

मळीवाला · सायं. ७:२०

मलाही. पण वाचून झोप उडाली. रात्रपाळीला बरं.

डाळिंब_सांगोला · रात्री ८:४५

राम राम. मी बागायतदार. कालपासून नुसता वाचतोय. वेळ लावायचं म्हणता, ते आम्ही डाळिंबात पिढ्यान्‌पिढ्या करतोय, त्याला बहार धरणे म्हणतात. मृग धरा, हस्त धरा, आंबे धरा. पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ करायची, मग पाणी सोडायचं. फूल कधी यायचं ते आम्ही ठरवतो, झाड नाही.

त्यातलं एक लक्षात घ्या. ताण बसायला महिना-दीड महिना जातो, भारी जमिनीत त्याहून जास्त. चार दिवस पाणी तोडलं तर झाड ढिम्म. पण ताण मोडायला? एक मोठा अवकाळी पाऊस. एका रात्रीत. बसायला महिना, मोडायला रात्र. तुमच्या सर्किटात असं एकीकडून हळू आणि एकीकडून झटकन होतं का?

पेट्रीडिश · रात्री ९:३०

काय प्रश्न विचारलात! झाडात नेमकी कोणती जोडणी आहे ते मी सांगणार नाही, ते काम केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातल्या लोकांचं. आणि ताण बसण्यात मातीतलं पाणी आटण्याचाही मोठा भाग आहे. पण एकीकडून हळू, एकीकडून झटकन, हे जिवाणूत सापडलंय.

संकेत आला की तो जनुक 'क'ला थेट सांगतो, 'हो तयार'. आणि त्याच वेळी 'ब'ला बनवायला लावतो. 'क'ची अट अशी की दोघांनी सांगितलं तरच सुरू होणार. 'ब' साचायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला उशीर. संकेत मधेच गेला तर काहीच होत नाही. पण चालू झाल्यावर संकेत गेला, तर दोघांपैकी एक गेला एवढं पुरे, 'क' तिथल्या तिथे बंद. उरी अलोन यांच्या गटाने २००३ मध्ये ई. कोलायच्या अरॅबिनोज साखरेच्या यंत्रणेत हे मोजलं. चालू होताना सुमारे २० मिनिटांचा उशीर, बंद होताना उशीर नाही. क्षणभराच्या अफवेवर विश्वास ठेवायचा नाही, यासाठी पेशीने केलेली सोय.

डाळिंब_सांगोला · रात्री ९:४१

म्हणजे दोन सह्या लागतात. आमच्या सोसायटीत कर्जाला लागतात तशा. द्यायला दोन, अडवायला एक.

उगाचविचारतो · रात्री ९:४४

😂 हा धागा वर काढा रे.

शेंगाचटणी · रात्री १०:२०

मी प्रश्न विचारून गायब झाले असं वाटेल, पण सगळं वाचतेय आणि वहीत उतरवतेय. आता माझा व्यवहारी प्रश्न. दिवा लवकर विझायला हवा असेल, तर जीएफपीला ती एसएसआरए शेपूट लावायची ना? शेपूट दिसली की पेशीतलं क्लिप-एक्सपी ते प्रोटीन तोडून टाकतं, असं वाचलंय. सरही तेच म्हणाले. नवीन प्लाझ्मिड मागवावं लागेल, दोन-तीन महिने जातील.

पेट्रीडिश · रात्री १०:५०

लावता येते, आणि बहुतेक लोक लावतात. शेपटीची शेवटची तीन अक्षरं बदलून आयुष्य कमी-जास्तही करता येतं. एलव्हीए लावलं तर झटपट जातं, एएव्ही लावलं तर जरा दमाने. रिप्रेसिलेटरमध्येही तिन्ही रिप्रेसरना शेपटी होत्या.

पण तू दोन-तीन महिने घालवू नकोस, आणि कारण फक्त वेळेचं नाही. तोडणारं यंत्र मोजकंच असतं. शेपटीवाली प्रोटीनं फार झाली की त्याच्यापुढे रांग लागते. मग एका प्रोटीनचं तुटणं दुसऱ्याच्या गर्दीवर अवलंबून राहतं. ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, ती रांगेत एकमेकांना अडवायला लागतात. हार्वर्डच्या पॉलसन यांच्या गटाने २०१६ मध्ये जुना रिप्रेसिलेटर परत उघडला आणि शेपट्या *काढल्या*. शिवाय टेट-आर बसायच्या जास्तीच्या जागा डीएनएवर ठेवल्या, म्हणजे दोन-चार भटके रेणू त्या शोषून घेतील आणि उंबरठा जरा वर जाईल. फेरा लांबला, १४ पिढ्यांपर्यंत. पण ठेका इतका पक्का झाला की भोंग्याशिवाय अख्खी वसाहत बराच काळ सोबत चालली. सोळा वर्षं लोक भाग जोडत होते, सुधारणा झाली ती भाग काढून.

तुझ्याकडे शेपूट नसलेलं जीएफपी आहे, हा दोष समजू नकोस. ते विभागण्या मोजतं. पेशी विभागत राहतील एवढं बघ. पहाटे सुरू कर, ओडी ०.२ ला आयपीटीजी टाक, आणि ०.५ च्या वर जाऊ देऊ नकोस, ताज्या गरम द्रवात पातळ करत राहा. त्या द्रवातही आयपीटीजी हवा, विसरू नकोस. मी विसरलो होतो. आणि दर वेळी चमक भागिले ओडी.

उगाचविचारतो · रात्री ११:०२

शेवटचं उगाच विचारतो. हे पाणी मोरीत ओतता का तुम्ही? आमच्या नळाला आधीच चार दिवसांआड पाणी, त्यात हिरवं यायला लागलं तर?

शेंगाचटणी · रात्री ११:१०

नाही हो दादा. जनुकं बदललेल्या जिवाणूंसाठी १९८९ चे सरकारी नियम आहेत, संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते, तिची परवानगी घेऊनच काम करतो. वापरून झालं की सगळं ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशाला. प्रेशर कुकरच तो, मोठा. आणि हे लॅबमधले वाण इतके लाडावलेले असतात की बाहेर त्यांचा निभाव लागणं कठीण. तुमच्या नळाला पाणी आलं तर साधंच येईल.

मागकरी · दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:२०

पेट्रीडिश, एक राहिलं. पिक मोजणारं काही आहे का? मागावर काउंटर असतो.

पेट्रीडिश · सकाळी १०:१५

आहे. २००९, कॉलिन्स यांचाच गट. अरॅबिनोजचे झटके मोजणारं सर्किट, तीनपर्यंत मोजतं. हसू नका, बिनमेंदूच्या पेशीसाठी तीन खूप झाले. पण झटका बाहेरून कोणीतरी द्यावा लागतो, म्हणजे काउंटर झाला, शाफ्ट नाही.

खरा शाफ्ट बघायचा असेल तर निळ्या-हिरव्या शैवालात बघा. काय-ए, काय-बी, काय-सी ही तीन प्रोटीनं. जपानमध्ये कोंदो यांच्या गटाने २००५ मध्ये ती नळीत एटीपी या पेशीच्या इंधनासोबत ठेवली. जनुक नाही, पेशी नाही, विभागणी नाही. तरी काय-सीवर फॉस्फेट चढायचं-उतरायचं, फेरा २४ तासांचा. तापमान बदललं तरी फारसा ढळत नाही. शेंगाचटणीच्या शेकरला हवंय तसं. २०१५ मध्ये ते घड्याळ ई. कोलायमध्येही बसवून दाखवलं.

भोंगा५२ · सकाळी १०:४०

नळीत चोवीस तास. आणि कोणी किल्ली देत नाही?

पेट्रीडिश · सकाळी १०:४४

किल्ली एटीपीची, काका. ते संपलं की थांबतं.

शेंगाचटणी · नऊ दिवसांनी, रात्री ९:०५

मंडळी, निकाल.

पहाटे पाचला लॅब उघडून घेतली (वॉचमनकाकांना रोज चहा, हा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमध्ये नाही). ओडी ०.२ ला आयपीटीजी. आमच्या द्रवात पेशी साधारण पस्तीस मिनिटांना दुप्पट होत होत्या. पहिल्या दहा-बारा मिनिटांत चमक उलट किंचित *वाढली*. मी घाबरले, पण पेट्रीडिशदादांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सांगितलं की जे जीएफपी बनलंय पण अजून पिकलेलं नाही, ते आत्ता चमकायला लागतंय. मग उतार सुरू. दर पस्तीस-चाळीस मिनिटांना जवळपास निम्मं. साडेआठला जिलेटीनमधून बघितलं तर काहीच दिसेना, फक्त मशीनला दिसत होतं. आलेख लॉगवर काढला, सरळ रेष आली. सरांनी पट्टी लावून बघितली.

आणि एक जास्तीचं केलं, कोणी सांगितलं नव्हतं. त्याच दिवशीचा एक फ्लास्क जुन्या चुकीसारखाच मुद्दाम गढूळ होऊ दिला, मग आयपीटीजी टाकला, आणि तसाच शेकरवर तीन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशीही हिरवागार. काल पहाटे त्यातले थोडे थेंब आयपीटीजी घातलेल्या ताज्या द्रवात सोडले. पहिला तासभर काही नाही, पेशी जाग्या होत होत्या. नंतर ओडी हलला, आणि ओडी हलला तशी चमक उतरायला लागली, त्याच पस्तीस-चाळीस मिनिटांच्या पायऱ्यांनी. बटण दाबलं होतं तीन दिवसांपूर्वी.

मागकरी · रात्री ९:३०

म्हणजे मधले तीन दिवस पट्टा निसटलेला होता.

शेंगाचटणी · रात्री ९:३३

हो. चादर कधी न्यायला येऊ?